पगाराचे पैसे

रोप लावल्याचे पैसे मिळायचे नाहीत. रोप जगल्याचे मिळायचे. केनियातल्या ग्रीन बेल्ट चळवळीचा हा साधा नियम होता. गावातल्या बायकांनी आसपासच्या झाडांचं बी गोळा करायचं, रोपं वाढवायची, ती आपल्या किंवा शेजाऱ्याच्या शेतात लावायची. काही महिन्यांनी चळवळीचं माणूस येऊन बघायचं. रोपाने जीव धरला असेल तर त्या रोपामागे चार अमेरिकी सेंट बाईच्या हातात पडायचे. रक्कम अगदीच किरकोळ होती, पण ती तिच्या स्वतःच्या कामाची होती आणि थेट तिच्याच हातात पडत होती.

या चळवळीच्या संस्थापक वांगारी माथाई यांना २००४ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. तोवर चळवळीने लावलेल्या झाडांचा आकडा तीन कोटींच्या आसपास गेला होता. तो आकडा सगळीकडे छापून येतो. त्यामागे सुरुवातीला कोणाचा, किती आणि कोणत्या अटीवर दिलेला पैसा होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. हा लेख त्या पैशाबद्दल आहे. जगभर विकासाच्या नावाने दरवर्षी अब्जावधी डॉलर एका देशातून दुसऱ्या देशात जातात. त्यातला अगदी थोडा पैसा लहान अनुदानांच्या रूपाने गावपातळीवरच्या संस्था-संघटनांपर्यंत पोहोचतो. तो थोडा पैसा काय करू शकतो, तो पोहोचायला एवढा त्रास का होतो आणि गेल्या काही वर्षांत त्याची वाट आणखी अरुंद का झाली, हे समजून घेणं आपल्याही गरजेचं आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी चांगल्या कामांची मुळं अशाच पैशात आहेत.

नोकरी गेलेली प्राध्यापक

माथाई नैरोबी विद्यापीठात पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्र शिकवत. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव होतं. राष्ट्रीय महिला परिषदेच्या बैठकांमध्ये खेड्यातल्या बायका सांगत होत्या : सरपण मिळत नाही, ओढे आटले, जनावरांना चारा नाही. ५ जून १९७७ रोजी, पर्यावरणदिनी, नैरोबीत मिरवणूक काढून सात झाडं लावली गेली. त्यातली बहुतेक जगली नाहीत.

पुढे काम खेड्यांकडे वळलं. सरकारी वनाधिकारी बायकांना रोपवाटिकेचं शास्त्र शिकवायला आले. जमिनीचा उतार, वाफ्याची मापं, अवजारांची यादी असं बरंच काही त्यांनी सांगितलं. बायका ते ऐकून गोंधळल्या. मग त्यांनी आपल्याच शेतीच्या अनुभवाकडे बघितलं. बी पेरायचं, पाणी घालायचं, उगवलं की जपायचं. हे तर त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. फुटक्या मडक्यांत माती भरून त्यांनी बी टाकलं आणि कोंबड्या-शेळ्यांचं तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवर ती मडकी ठेवली. रोपं आली. पदवी नसलेल्या या वनपाल बायकांनीच पुढची चळवळ उभी केली.

१९८२ साली माथाईंनी पोटनिवडणूक लढवण्यासाठी विद्यापीठाची नोकरी सोडली. त्यांचा अर्ज तांत्रिक कारणावरून बाद झाला आणि विद्यापीठाने त्यांना परत घ्यायला नकार दिला. पगार आणि घर दोन्ही गेलं. याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. नॉर्वेच्या वनसंस्थेने हातभार लावायची तयारी दाखवली आणि माथाईंना समन्वयक म्हणून बेताचं मानधन मिळू लागलं. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या महिला दशकासाठी उभारलेल्या स्वेच्छा निधीतून सव्वा लाख डॉलरच्या आतबाहेर रक्कम आली. या पैशाने चळवळीला पूर्णवेळ माणूस मिळाला, गावोगाव फिरून रोपं मोजणारी तरुण मुलं मिळाली आणि बायकांच्या हातात रोपामागचे ते चार सेंट पडू लागले. हा पैसा मुख्यतः माणसांच्या वेळेवर खर्च झाला. म्हणूनच त्यातून एवढं उगवलं, असं माझं म्हणणं आहे.

या पैशाचं आणखी एक फळ १९८९ साली दिसलं. नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली मनोरा आणि राष्ट्राध्यक्ष मोईंचा पुतळा उभारायची सरकारी योजना आली. माथाईंनी पत्रं लिहून, आवाज उठवून विरोध केला. सरकारने चळवळीला सरकारी जागेतल्या कार्यालयातून बाहेर काढलं, तेव्हा कामकाज त्यांच्या घरातून चाललं. शेवटी परदेशी गुंतवणूकदार मागे हटले आणि बाग वाचली. झाडं लावणारी एक संस्था सरकारला ‘नाही’ म्हणू शकली, कारण तिचा श्वास सरकारच्या हातात नव्हता. नागरी समाजाला दिलेल्या पैशाचा हिशेब फक्त झाडांच्या संख्येत मांडला, तर हा भाग त्यातून निसटतो.

सुल्ल्याची चिमूट आणि मूठ

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, बांगलादेशातलं आहे. फझले हसन आबेद चितगावात शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. १९७० चं चक्रीवादळ आणि १९७१ चं मुक्तियुद्ध यांनी त्यांचं आयुष्य बदललं. लंडनमधला आपला फ्लॅट त्यांनी ६,८०० पौंडांना विकला आणि १९७२ साली सिलहट भागातल्या सुल्ला या दुर्गम, पाणथळ प्रदेशात भारतातून परतलेल्या निर्वासितांसाठी काम सुरू केलं. पहिले पैसे स्वतःचे, नंतर ऑक्सफॅमचं अनुदान. त्या कामाचं नाव ब्रॅक. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांमध्ये गणली जाते.

तिच्या मोठेपणापेक्षा मला तिच्या शिकण्याच्या पद्धतीचं मोल जास्त वाटतं. जुलाबाने मुलं मरत होती. मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतो, हे शास्त्राने सिद्ध झालं होतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते करून दाखवलं होतं. पण त्या मिश्रणाची पाकिटं प्रत्येक घरात पोहोचणार कशी? ब्रॅकने सुल्ल्यात घरोघर जाऊन आईलाच ते पाणी बनवायला शिकवण्याचा प्रयोग केला : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्ती मुलगी त्या घरातलंच भांडं घ्यायची आणि अर्धा शेर पाणी कुठवर येतं तिथे खूण करायची. आई स्वतःच्या हाताने ते पाणी बनवायची. महिनाभराने दुसरंच कोणीतरी येऊन निवडक घरांमध्ये त्या आईला विचारायचं, काय काय लक्षात आहे? आईच्या लक्षात राहिलेलं जेवढं जास्त, तेवढा शिकवणाऱ्या मुलीचा मोबदला जास्त. नुसती घरं उरकली असं दाखवून पैसे मिळत नसत.

सुरुवातीच्या पाहणीत एक अडचण समोर आली. आयांना सगळं पाठ होतं, पण मूल आजारी पडल्यावर ते पाणी देणाऱ्या फार थोड्या होत्या. खोलात गेल्यावर कळलं की शिकवणाऱ्या मुलींचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या. ब्रॅकने प्रशिक्षण बदललं, त्यामागचं शास्त्र मुलींना नीट समजावून दिलं, घरातल्या पुरुषांनाही सामील करून घेतलं. १९८० ते १९९० या दशकात ही शिकवण बांगलादेशातल्या एक कोटीहून अधिक घरांमध्ये पोहोचली.

पहिल्या वर्षीच ‘उद्दिष्ट पूर्ण का झालं नाही’ असं विचारून पैसा बंद झाला असता, तर हे घडलं नसतं. लहान अनुदानाचं खरं बळ इथे आहे. मोठ्या योजनेत आराखडा आधी ठरतो आणि माणसं त्यात बसवली जातात. लहान रकमेत काम करून बघता येतं, फसलं तर कबूल करता येतं आणि दिशा बदलता येते. देणाऱ्याने तेवढी मोकळीक दिली पाहिजे, एवढीच त्याची अट.

पन्नास हजार डॉलरांची योजना

अशा मोकळिकीला नियमांच्या चौकटीत बसवण्याचा सर्वांत टिकाऊ प्रयत्न १९९२ साली, रिओच्या वसुंधरा परिषदेच्या वर्षी सुरू झाला. जागतिक पर्यावरण सुविधा या निधीने आपल्या मोठ्या प्रकल्पांच्या बाजूला एक लहान अनुदान कार्यक्रम उभा केला आणि तो राबवण्याचं काम संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाकडे दिलं. अनेक वर्षं एका संस्थेला मिळणाऱ्या अनुदानाची नेहमीची कमाल मर्यादा पन्नास हजार डॉलर होती. आजवर १३० हून अधिक देशांमध्ये हा कार्यक्रम पोहोचला आहे. भारतात तो नव्वदच्या दशकातच आला आणि त्यानंतर बरीच वर्षं अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने देशपातळीवर तो सांभाळला.

कोणाला पैसे द्यायचे हे न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही. त्या त्या देशातली एक समिती ठरवते. या समितीत सरकारबाहेरच्या लोकांचं बहुमत असावं, असा नियम आहे आणि सदस्य बिनपगारी काम करतात. प्रस्ताव स्थानिक भाषेत चालतो. लिहिता न येणाऱ्या समूहांकडून छायाचित्रांच्या किंवा चित्रफितीच्या रूपातले प्रस्तावही स्वीकारले गेले आहेत. प्रस्ताव तयार करायलाच मदत लागत असेल तर त्यासाठी वेगळं छोटं नियोजन अनुदान मिळतं. संस्थेने आपलाही वाटा घालायचा असतो. पण तो श्रमाच्या, जागेच्या, बियाण्याच्या रूपातही मोजला जातो. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचे कष्ट जमेच्या बाजूला मांडणारी ही पद्धत मला न्याय्य वाटते.

या कार्यक्रमाच्या विरोधात नेहमी एक मुद्दा मांडला जातो आणि तो खोटा नाही. पन्नास हजार डॉलरच्या अनुदानाची छाननी, करार, भेटी, हिशेब यांना जेवढी मेहनत लागते, तेवढ्याच मेहनतीत पन्नास लाख डॉलरचा प्रकल्प मार्गी लागतो. मोठ्या मदतसंस्थांमधल्या अधिकाऱ्याचं यश वर्षभरात किती पैसा मार्गी लावला यावर मोजलं जातं. त्यामुळे त्याचा कल मोठ्या रकमेकडे, मोठ्या संस्थेकडे आणि ओळखीच्या सल्लागार कंपनीकडे राहतो. लहान अनुदान महाग पडतं हे खरं, पण ते कोणासाठी महाग आहे? देणाऱ्याच्या कार्यालयात वाचलेला वेळ गावात वाया गेलेल्या रकमेच्या रूपाने वसूल होतो. तो खर्च कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, इतकंच.

हिशेबाची खोली

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या लहान संस्थेत गेलात तर हिशेब सांभाळणाऱ्या ताईंच्या टेबलाजवळ थोडा वेळ बसा. कपाटात रंगीत बॉक्स फायली. प्रत्येक फाइलवर एकेका निधीदात्याचं नाव. एका प्रशिक्षणाची कागदपत्रं काढली तर त्यात हजेरीपट, चहा-नाश्त्याचं बिल, महसुली तिकीट लावलेली प्रवासखर्चाची पावती, स्थळ-वेळ उमटलेले फोटो, प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची प्रश्नावली. हे सगळं आधी टॅलीत आणि मग निधीदात्याच्या तक्त्यात भरायचं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, परदेशी निधीदात्याचं बहुधा जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे त्याच खर्चाचे दोन हिशेब. शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, आयकर खात्याची करसवलतीसाठीची नोंदणी आणि तिचं ठरावीक काळाने नूतनीकरण, देणगीदारांचं वार्षिक विवरणपत्र, कंपन्यांचा पैसा घ्यायचा असेल तर सीएसआर-१ नोंदणी, परदेशी निधी असेल तर एफसी-४ विवरणपत्र.

यातलं एकेक कलम घेतलं तर त्यामागे कारण आहे. लोकांच्या पैशाचा हिशेब चोख असायलाच हवा. खोट्या संस्था काढून पैसा लाटणारेही आपण पाहिले आहेत. प्रश्न प्रमाणाचा आहे. पाच लाखांच्या अनुदानाला पाच कोटींच्या अनुदानाएवढाच कागद लागत असेल, तर त्या पाच लाखांतला मोठा वाटा कागदच खातो. आणि हा कागद सांभाळणाऱ्या ताईंचा पगार कोणत्या फाइलमधून द्यायचा? तिथे तर प्रत्येक निधीदाता हात आखडता घेतो. ‘आम्ही प्रशासकीय खर्च देत नाही’ हे वाक्य लहान संस्थांना सगळीकडे ऐकावं लागतं. शाळेला बाकं मिळतात, दवाखान्याला यंत्र मिळतं, पाण्याला टाकी मिळते. बाकांवर मुलं टिकावीत म्हणून घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्तीला मात्र मार्चनंतर पगार मिळेल की नाही, हे फेब्रुवारीतही ठरलेलं नसतं.

देणाऱ्या देशांच्या काही योजनांमध्ये हे नियमातच लिहिलेलं असतं. जपानच्या दूतावासांमार्फत १९८९ पासून चालणारी तळागाळासाठीची अनुदान योजना हे त्याचं एक प्रामाणिक उदाहरण. तिने अनेक देशांत शाळा, आरोग्य केंद्रं, विहिरी उभ्या करायला मदत केली आहे आणि त्याचं ऋण मान्यच करायला हवं. पण ती इमारतींना आणि साधनांना पैसा देते, पगाराला आणि रोजच्या चालू खर्चाला देत नाही. इमारत डोळ्यांना दिसते, तिच्यावर फलक लावता येतो. माणसाचा वेळ दिसत नाही. म्हणून त्याला पैसे देणारा शोधावा लागतो.

नगर जिल्ह्यातला धडा

मोठा पैसा लहान करून गावाच्या हाती देता येतो, हे आपल्याकडेच सिद्ध झालं आहे. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी १९६८ साली अहमदनगरमध्ये सोशल सेंटर सुरू केलं. दुष्काळी गावांत विहिरी, पंप, कर्ज असं करत करत त्यांच्या लक्षात आलं की डोंगरावरचं पाणी अडवलं नाही तर खालच्या विहिरीत काही उतरणार नाही. १९८९ साली त्यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची मांडणी झाली. पैसा जर्मन सरकारचा, त्यांच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेमार्फत. भारतात तो सांभाळणार नाबार्ड. या कामाला बळ देण्यासाठी १९९३ साली फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटर ही संस्था स्थापन केली.

कार्यक्रम मोठा होता, पण त्याची रचना गावाच्या आकाराची होती. ग्रामसभेने पाणलोट समिती निवडायची. गावात एकदम सगळा पैसा यायचा नाही. आधी शिवाराच्या एका लहान तुकड्यावर काम करून दाखवायचं. या काळात गावाने श्रमदान करायचं, मोकाट चराई आणि कुऱ्हाड बंद ठेवायची, समितीने हिशेब ठेवायला शिकायचं. संस्थेच्या लोकांनी शेतकरी नवरा-बायकोबरोबर त्यांच्या स्वतःच्या शेतात उभं राहून, बांध कुठे घालायचा आणि झाड कुठे लावायचं हे एकेका तुकड्यासाठी ठरवायचं. पहिला टप्पा पार पडला की मग पूर्ण पाणलोटाचा निधी. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे गाव या पद्धतीचं उदाहरण म्हणून देशभर सांगितलं जातं.

या रचनेत पैशाआधी माणसं घडवण्याला वेळ आणि निधी दोन्ही दिलेले होते. गावात राहून सभा घेणारा, भांडणं मिटवणारा, समितीच्या अध्यक्षाला पासबुक वाचायला शिकवणारा कार्यकर्ता हा कामाचाच भाग मानला होता, वरचा खर्च मानला नव्हता. सरकारी पाणलोटाचे बांध जिथे चार-पाच पावसाळ्यांत फुटले, तिथे बहुतेक वेळा हाच कार्यकर्ता नव्हता.

२०२० चा बदल

परदेशी निधी नियमन कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे. २०१० साली तो नव्याने आला. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन धामधुमीत, संसदेने त्यात मोठे बदल केले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. परदेशी निधी पहिल्यांदा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवा असं ठरलं. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे, एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी आली.

या तिसऱ्या बदलाने लहान अनुदानांचा कणाच मोडला. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरच्या गटाला जिनिव्हात बसलेला निधीदाता शोधून काढू शकत नाही. त्यासाठी मधली संस्था लागते. मुंबई-पुण्यातली ही संस्था मोठं अनुदान घेते, त्याचे पंधरा-वीस लहान भाग करते, योग्य गट हेरते, त्यांना हिशेब शिकवते आणि वरच्याला अहवाल देते. नेमकं हेच आता करता येत नाही. गटाने स्वतःच नोंदणी करावी म्हटलं, तर त्याआधीच्या तीन वर्षांत किमान पंधरा लाख रुपये कामावर खर्च केलेले असावे लागतात. जो गट खऱ्या अर्थाने लहान आहे तो ही पायरी चढूच शकत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत परदेशातून मदत येत होती, खेड्यापाड्यातल्या संस्था राबायला तयार होत्या, आणि मोठ्या संस्थांना ती मदत पुढे देता येत नव्हती.

सरकारची बाजूही सांगायला हवी. निधी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हाती गेला की शेवटी तो कशावर खर्च झाला हे शोधणं अवघड होतं. मधल्या संस्था आपलाच खर्च भागवतात. परदेशी पैशाचा वापर देशहिताच्या विरोधात होऊ नये, असा तो युक्तिवाद. ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बदल मुख्यतः वैध ठरवले आणि परदेशी देणगी मिळवणं हा कोणाचा निरपेक्ष हक्क नाही, असं म्हटलं. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही धोरणाबद्दल बोलता येतं. लहान रकमेसाठी मर्यादा ठरवून, सोप्या हिशेबासह, मधल्या संस्थेची जबाबदारी निश्चित करून हे वाटप परत सुरू करता येईल. देखरेख हवी असेल तर ती जिल्ह्यात करावी. सगळ्यांची वाट एकत्रच बंद करणं ही देखरेख नव्हे.

वचनं आणि कपात

बाहेरच्या जगातही चित्र फार उत्साहाचं नाही. २०१६ साली इस्तंबूलमधल्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठे दाते आणि मदतसंस्था यांनी करार केला : २०२० पर्यंत मदतीच्या पैशातला किमान चतुर्थांश वाटा शक्य तेवढ्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे जाईल. थेट जाणारा वाटा प्रत्यक्षात पाच टक्क्यांच्या आतच राहिला. अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेने २०२१ साली असंच चतुर्थांशाचं उद्दिष्ट जाहीर केलं. ती दहा टक्क्यांच्या आसपास अडकली.

आणि मग २०२५ उजाडलं. २० जानेवारीला अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं आणि १ जुलैपासून ही संस्था स्वतंत्रपणे मदत देणारी यंत्रणा म्हणून उरली नाही. ब्रिटननेही राष्ट्रीय उत्पन्नातला मदतीचा वाटा ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आहे. अशा कपातीत मोठ्या संस्था कर्मचारी कमी करून तग धरतात. त्यांच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या कराराने जोडलेल्या लहान संस्थांकडे मात्र पुढच्या महिन्याच्या पगाराचीही शिल्लक नसते. ज्यांना राखीव निधी उभारायलाच कधी दिला नाही, त्या आधी बंद पडतात.

यातून काही जण सांगतील की परदेशी पैशावर अवलंबून राहणंच चूक होतं. त्यात तथ्य आहे. पण मग देशातल्या पैशाने ती जागा भरली पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. हा पैसा आता वर्षाला तीस हजार कोटी रुपयांच्या घरात गेला आहे आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्रात खर्च होतो. तरीही त्याचा ओढा कारखान्याजवळच्या जागेकडे, मोजता येणाऱ्या वस्तूंकडे आणि मोठ्या नावांकडे आहे. वेठबिगारीतून सुटलेल्या कुटुंबांबरोबर राहणारा गट, एकल महिलांची संघटना, वनहक्काचे दावे भरून देणारे तरुण यांच्या वाट्याला तो फारसा येत नाही.

आपली जुनी रीत

कार्यकर्त्याच्या पगाराला पैसा देणं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ऐंशीच्या दशकात डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. नामवंत कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग ठिकठिकाणी केले, लोकांनी तिकिटं काढली, देणग्या दिल्या. जमलेल्या निधीतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. समाजासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाच्या घरातल्या चुलीची जबाबदारी समाजाची आहे, एवढंच त्यात म्हटलं होतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशननेही अशीच वाट धरली. त्यांचे समाजकार्याचे पुरस्कार अनेक लहान कामांना ऐन गरजेच्या वेळी बळ देऊन गेले.

परदेशातल्या मराठी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परदेशी निधी मानली जात नाही. ती लहानातली लहान नोंदणीकृत संस्थाही घेऊ शकते. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांची देणगी मात्र परदेशी निधी ठरते, ओसीआय कार्ड असलं तरीही. हा फरक माहीत नसल्याने काही देणग्या विनाकारण थांबतात आणि काही संस्था नकळत अडचणीत येतात.

आता करायचं काय? केनिया, सुल्ला आणि दरेवाडी यांनी उत्तर दिलेलं आहे. अनुदान वर्षाचं न देता निदान तीन वर्षांचं द्यावं, म्हणजे पहिल्या वर्षीची चूक दुसऱ्या वर्षी सुधारता येते. त्यात पगार, कार्यालयाचं भाडं आणि हिशेबनिसाचं मानधन उघडपणे धरावं. अहवाल मराठीत, चार पानांत घ्यावा आणि काय फसलं हे सांगायला त्यात जागा ठेवावी. दहा-बारा लहान संस्थांनी मिळून एक चांगला हिशेबनीस नेमावा आणि त्याचा खर्च एखाद्या कंपनीने उचलावा. कंपन्यांच्या निधीतला ठरावीक भाग लहान संस्थांसाठी राखून ठेवायला हरकत नाही. त्याला कायदा आड येत नाही, फक्त संचालक मंडळाची इच्छा लागते.

दिवाळीत आपल्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेला देणगी देतात. देताना ‘एवढ्यात किती वह्या येतील, किती ब्लँकेटं येतील’ असा हिशेब मनात असतो. या वर्षी संस्थेला फोन करून विचारा : तुमच्या कार्यकर्त्यांच्या पगाराची पुढच्या वर्षीची सोय झाली आहे का? नसेल तर पावतीवर ‘कार्यकर्ता मानधन’ असं लिहायला सांगा आणि तीच रक्कम पुढची तीन वर्षं द्यायचा शब्द द्या. वह्या आणि ब्लँकेटांना पुष्कळ दाते मिळतात. ती योग्य मुलापर्यंत, योग्य म्हातारीपर्यंत पोहोचवणारा माणूस टिकवणं हे आपलं काम आहे आणि ते आपल्या आवाक्यातलं आहे.